सीपॅपच्या टाकीत कोणते पाणी घालावे?

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत पूर्वी ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची चर्चा चालायची. आता तिच्या जोडीला सीपॅप आले आहे. "तुमचे प्रेशर कितीवर आहे?" "मास्क नाकाचा की तोंडाचा?" वगैरे. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात विषय निघाला तो यंत्राच्या टाकीतल्या पाण्याचा. चौघांची चार उत्तरे आली. एक जण फक्त डिस्टिल्ड वापरतात. दुसऱ्यांकडे फ्रिजमधल्या फिल्टरच्या जगातले पाणी. तिसऱ्यांचे म्हणणे, "जे आम्ही पितो तेच यंत्राला." आणि चौथ्या काकूंनी सांगितले की डिस्टिल्ड पाणी संपले होते, दुकानात जाणे झाले नाही, म्हणून तीन रात्री त्यांनी यंत्रच लावले नाही.

त्या चौथ्या उत्तरामुळे हा लेख लिहायला घेतला. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमधला माणूस आहे. पण गेली चार वर्षे हे यंत्र माझ्या उशाशी आहे आणि नाशिकला बाबांच्याही. तेव्हा दोन्हीकडच्या पाण्याचा थोडाफार अभ्यास झाला आहे.

आधी काकूंचा मुद्दा. स्लीप ॲप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते आणि शरीराला प्राणवायू कमी पडतो. हे रात्रीतून कित्येक वेळा होते. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली यावरचा उपाय प्रसिद्ध केला: नाकातून सतत थोड्या दाबाने हवा सोडायची, म्हणजे ती वाट उघडी राहते. आपली आजची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. म्हणजे औषध आहे ते हवेचा दाब. पाणी हे औषध नव्हे. रात्रभर वाहणाऱ्या हवेने नाक-घसा कोरडा पडतो, म्हणून ती थोडी दमट करून द्यायची, एवढेच पाण्याचे काम. पाणी नसेल तर ह्युमिडिफायर बंद करून, रिकामी टाकी जागेवर ठेवून यंत्र लावावे. सकाळी घसा कोरडा वाटेल, कदाचित नाक चोंदेल. पण श्वास चालू राहील. पाण्यासाठी यंत्र सोडणे म्हणजे वरण नाही म्हणून जेवणच टाळण्यासारखे आहे.

आता पाण्याकडे वळू. कोणत्याही पाण्याला दोन वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात: यात विरघळलेले काय आहे, आणि यात जिवंत काय आहे? बहुतेक गोंधळ या दोन प्रश्नांची सरमिसळ केल्याने होतो. पहिल्याचा त्रास मुख्यतः यंत्राला, दुसऱ्याचा आपल्याला.

विरघळलेले म्हणजे क्षार: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वगैरे. हे क्षार छातीत जातात अशी भीती बऱ्याच जणांना असते. सीपॅपच्या बाबतीत ती अनाठायी आहे, आणि त्याचे कारण उरणची मिठागरे पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. उन्हाने पाणी उडून जाते, मीठ खाली राहते. सीपॅपची टाकी म्हणजे छोटेसे मिठागरच. खालची तबकडी पाणी कोमट करते, वरून जाणारी हवा त्यातली वाफ उचलते आणि क्षार टाकीत मागे राहतात. खोलीत ठेवायचे जे अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर मिळतात त्यांचा प्रकार निराळा. ते पाणी थरथरवून त्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडवतात आणि थेंबांबरोबर क्षारही उडतात. फर्निचरवर पांढरी धूळ बसते ती याची. दोन्ही यंत्रांना ह्युमिडिफायर म्हणतात, म्हणून एकाचे नियम दुसऱ्याला लावले जातात.

मागे राहणारे क्षार किती? हिशेब करून पाहू. फिनिक्स, लास व्हेगास, सॅन अँटोनियो या भागांत पाणी जड. तेथे लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार धरायला हरकत नाही. रात्री टाकीतले ३५० मिलिलिटर पाणी उडाले तर सुमारे १०० मिलिग्रॅम क्षार उरले. महिन्याला ३ ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचा मीठ. चहाच्या आधणाच्या भांड्याला जसा पांढरा थर धरतो तसाच टाकीच्या तळाला धरतो. तबकडीची उष्णता नीट पोहोचत नाही, प्लास्टिक खरखरीत होते आणि त्या खरखरीत पृष्ठभागावर जंतूंना बसायला जागा मिळते. सिॲटल, पोर्टलंड किंवा बॉस्टनला पाणी हलके असल्याने हा थर फार सावकाश जमतो. आपले पाणी कसे आहे हे पाणीपुरवठा कंपनीच्या वार्षिक अहवालात बहुधा सापडते. तो दरवर्षी ग्राहकांना देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. आपण तो न उघडताच रद्दीत टाकतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रात्री टाकीतले ३५० पैकी २५० मिलिलिटर उडाले, तर उरलेल्या १०० मध्ये साऱ्या टाकीचे क्षार असतात. सकाळी ते न ओतता संध्याकाळी वरून नवे पाणी घातले की हा साठा रोज वाढत जातो. पाणी वाया घालवायचे नाही हे संस्कार आपल्यावर लहानपणापासून आहेत. पण हे उरलेले पाणी ओतूनच द्यावे. डिस्टिल्ड असेल तर कुंडीत घाला, वाया गेले असे वाटणार नाही.

आता दुसरा प्रश्न, जिवंत काय आहे? अमेरिकेतले नळाचे पाणी पिण्यास सुरक्षित आहे, पण निर्जंतुक नाही. त्यात थोडे सूक्ष्मजीव असतातच. क्लोरीन त्यांना आवरून धरते आणि पोटात गेलेल्यांचा समाचार जठरातले आम्ल घेते. फुप्फुसात असे आम्ल नाही. शिवाय लिजिओनेला नावाचे न्यूमोनियाचे जंतू साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये चांगले वाढतात आणि आपली टाकी रात्रभर कोमट असते. वाफेबरोबर जंतू सहसा प्रवास करत नाहीत हे खरे. पण यंत्र हलले, टाकी काठोकाठ भरली, पाणी नळीत शिंतोडले, तर थेंब नाकापर्यंत जाऊ शकतात. म्हणूनच सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था श्वासाच्या अशा यंत्रांसाठी डिस्टिल्ड, निर्जंतुक किंवा उकळून गार केलेले पाणी वापरायला सांगते.

या दोन प्रश्नांच्या चाळणीतून घरातले एकेक पाणी काढू या. डिस्टिल्ड पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि वाफ करून बनवलेले असल्याने जंतूंचाही प्रश्न फारसा नाही. मात्र गॅलन उघडल्यावर झाकण घट्ट लावावे, तोंडाला हात लावू नये. उकळलेले पाणी जंतूंच्या परीक्षेत उत्तीर्ण, क्षारांच्या परीक्षेत नापास. उकळल्याने क्षार जात नाहीत. खळखळ उकळी आल्यावर १ मिनिट, आणि ६,५०० फुटांहून उंच राहत असाल तर ३ मिनिटे उकळावे, झाकून पूर्ण गार करावे, मगच टाकीत घालावे. त्यातले क्लोरीनही कमी झालेले असते, म्हणून आठवड्याचे उकळून ठेवू नये, रोजचे रोज करावे.

फिल्टरच्या जगाबद्दल मात्र स्पष्टच लिहितो, कारण त्यावर भरवसा ठेवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तो जग मुख्यतः क्लोरीनचा वास आणि काही धातू कमी करतो. बहुतेक क्षार तसेच राहतात, जंतू मरत नाहीत, आणि त्यांना आवरणारे क्लोरीन तेवढे निघून जाते. पिण्यासाठी ठीक आहे, सीपॅपसाठी त्याचा काही उपयोग नाही. घराला वॉटर सॉफ्टनर असेल तर तो कॅल्शियमच्या जागी सोडियम घालतो. कडक थर कमी धरतो, पण क्षार राहतातच. सिंकखालच्या आर.ओ.ने बरेचसे क्षार जातात, तरी ते पाणी निर्जंतुक समजू नये. ते उकळून घेतले तर डिस्टिल्डच्या बरेच जवळ जाते.

ग्रोसरीच्या शेल्फवर चार-पाच गॅलन शेजारीशेजारी असतात आणि दिसतात सारखेच. 'स्प्रिंग' म्हणजे झऱ्याचे, क्षारांसकट. 'ड्रिंकिंग' आणि 'प्युरिफाइड' यांत चवीसाठी क्षार परत घातलेले असू शकतात. लहान बाळांसाठी विकले जाते त्यात कधी कधी फ्लोराइड घातलेले असते. लेबलवर 'डिस्टिल्ड' हा शब्द शोधावा आणि खाली 'ॲडेड' असे काही लिहिले आहे का ते पाहावे.

काही मंडळी सर्दी झाली की टाकीत निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब घालतात असे ऐकले. वाफारा घेताना ते ठीक असेल, पण सीपॅपमध्ये निलगिरी, व्हिक्स, ओव्याचा अर्क, काहीही घालू नये. ही हवा सात-आठ तास थेट फुप्फुसात जाते, आणि तेलाने टाकीचे प्लास्टिकही खराब होते.

ओघाने जलनेतीबद्दल. तेथे पाणी थेट नाकात जाते, त्यामुळे नियम कितीतरी कडक. लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती केल्यावर नेग्लेरिया या अमीबाचा संसर्ग होऊन दोन जण दगावले. हा अमीबा वाफेतून पसरल्याचा पुरावा नाही, त्यामुळे सीपॅपवाल्यांनी घाबरू नये. पण नेतीसाठी नळाचे पाणी कधीही घेऊ नये, उकळून कोमट केलेले किंवा डिस्टिल्डच घ्यावे.

खर्चाचे म्हणाल तर रोज ३५० मिलिलिटरप्रमाणे वर्षाला सुमारे १२८ लिटर, म्हणजे ३४ गॅलन लागतात. दीड-दोन डॉलरच्या भावाने ५० ते ७० डॉलर झाले. २०२० मध्ये कोविडच्या काळात शेल्फे रिकामी झाली तेव्हा अनेकांनी घरी डिस्टिलर घेतले. साधारण १०० डॉलरचे हे यंत्र एका गॅलनला सुमारे ३ युनिट वीज खाते. युनिट १७ सेंटला असेल तर ५० सेंट झाले. यंत्राचे पैसे फिटायला तीन वर्षे. विजेचे दर याच्या दुप्पट असतील तर पैसे वसूल होण्याचा विचार सोडावा. माझ्या मते दोन गॅलन कपाटात शिलकीत ठेवणे हाच स्वस्त उपाय. टाकीला थर धरलाच तर व्हाइट व्हिनेगर पाण्यात मिसळून अर्धा तास ठेवावे. प्रमाण आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत असते. मेडिकेअरच्या नियमात टाकी दर ६ महिन्यांनी बदलून मिळण्याची तरतूद आहे, इतर विमा कंपन्यांना फोन करून विचारावे. रोज सकाळी टाकी विसळून उघडी वाळवणे आणि आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुणे पुरते. ओझोन किंवा अल्ट्राव्हायोलेटने सीपॅप साफ करणाऱ्या महागड्या पेट्यांबद्दल एफडीएने फेब्रुवारी २०२० मध्ये सावधगिरीची सूचना दिली होती. तळाशी गुलाबी बुळबुळीत थर दिसला तर तो जंतूंचा आहे असे समजावे, मग पाणी कितीही चांगले असो. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, अवयवरोपण झालेल्यांनी किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी पाण्याबाबत तडजोड न करता डॉक्टरांना विचारावे.

आता भारतवारी. पुण्यात किंवा नाशिकला डिस्टिल्ड पाणी मागितले की हमखास पेट्रोल पंपाचा किंवा बॅटरीच्या दुकानाचा पत्ता मिळतो. तो कॅन इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी असतो. त्यातले क्षार काढलेले असतात, पण ते माणसाच्या श्वासासाठी म्हणून बनवलेले किंवा भरलेले नसते. ते घेऊ नये. केमिस्टकडे 'स्टराइल वॉटर फॉर इरिगेशन' या नावाची बाटली मिळते, ती चालते. सलाइन मात्र चुकूनही आणू नये, त्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. एवढे मिळाले नाही तर घरच्या आर.ओ.चे पाणी उकळून वापरावे. काही आर.ओ. यंत्रे चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळतात. काही शे रुपयांत मिळणाऱ्या टीडीएस मीटरने ते चटकन कळते. बोअरवेलचे पाणी चाळीस पायऱ्या चढून भरावे लागले म्हणून कोणी ते गोड मानू नये, टाकी आठवड्यात पांढरी होईल.

आणि विमानाच्या आदल्या सकाळी टाकी रिकामी करून, वाळवून, यंत्रापासून वेगळी काढून बॅगेत भरावी. टाकीत राहिलेले पाणी प्रवासात यंत्राच्या मोटरमध्ये शिरते. यंत्र चेक-इन न करता हातातच न्यावे. भरलेला गॅलन वाहून नेण्याची गरज नाही. पहिली रात्र उकळलेल्या पाण्यावर किंवा पाण्याशिवाय निघते, आणि केमिस्ट सकाळी उघडतो.