एकांताची पंगत

जुलैतली सकाळ. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, ॲडिरोंडॅकच्या डोंगरांत, वेस्टपोर्ट आणि लुईस या दोन खेड्यांच्या आसपासच्या झाडीत काही लाकडी घरं विखुरलेली आहेत. नाश्ता उरकतो, दारं लागतात आणि प्रत्येक खोलीतून व्हायोलिन, व्हिओला, चेलो एकदम सुरू होतात. कानावर पडतं त्याला गाणं म्हणवत नाही. कुणी एकाच तारेवरून गज इतका सावकाश ओढतंय, की आता थांबेल असं वाटत राहतं. कुणी चार स्वर घेऊन बसलंय. तेच चार, कधी पहिल्यावर जोर देऊन, कधी तिसऱ्यावर, कधी लंगडत्या लयीत. डॅनियल कॉइल या अमेरिकी लेखकाने २००९ सालच्या 'द टॅलेंट कोड' या पुस्तकात इथला एक ठोकताळा नोंदवला आहे: वाटेवरून जाणाऱ्याला आत कोणती रचना चाललीय ते ओळखता आलं, तर सराव चुकतोय असं समजावं.

या जागेचं नाव मेडोमाउंट. इव्हान गलामियन या आर्मेनियन व्हायोलिनगुरूने १९४४ साली सुरू केलेलं हे तंतुवाद्यांचं उन्हाळी शिबिर आजही भरतं. मुक्काम सात आठवड्यांचा. इत्झाक पर्लमन, पिंकस झुकरमन, मायकेल रेबिन, क्युंग-वा चुंग, जॉशुआ बेल हे व्हायोलिनवादक, यो-यो मा आणि लिन हॅरेल हे चेलोवादक, सगळे लहानपणी इथे येऊन गेले. ही नामावळी वाचून 'इथे काय शिकवतात?' असा प्रश्न पडतो. मला तो प्रश्नच थोडा बाजूला सरकवावासा वाटतो. इथे मुलांना एकटं बसायला शिकवतात, आणि ते एकटेपण सोसवावं म्हणून सगळ्यांना एकत्र बसवतात. मेडोमाउंटचं रहस्य माझ्या मते एवढंच आहे, पण ते जमवणं सोपं नाही.

आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत छंदवर्ग भरतात. दहा-पंधरा दिवस चालतात आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम होतो. तिसऱ्या दिवसापासूनच त्या कार्यक्रमाची तयारी सुरू होते. मूल एक गाणं बसवून घरी येतं. गाणं बसवायचं कसं, हे मात्र त्याच्या हाती लागत नाही. अमेरिकेतही मोठी शिबिरं बहुधा वाद्यवृंदाभोवतीच उभी राहिली. मिशिगनमधलं इंटरलॉकन हे जोसेफ मॅडी यांनी १९२८ साली सुरू केलं, तेच मुळी शाळकरी मुलांच्या वाद्यवृंदासाठी. तिथे वाद्यवृंदातल्या खुर्च्यांसाठी दर आठवड्याला चुरस लागायची. गलामियननी वाद्यवृंदाला फाटाच दिला. त्यांच्याकडे एकल वादन होतं आणि चेंबर म्युझिक, म्हणजे तिघा-चौघांनी बसून वाजवायचं संगीत. बाकी सगळा वेळ खोलीतला.

गलामियन हा माणूस समजून घेतल्याशिवाय शिबिराची ही घडण कळत नाही. जन्म १९०३ सालचा, इराणातल्या तब्रीझचा. कुटुंब लवकरच मॉस्कोला गेलं. क्रांतीच्या धामधुमीत, पंधराएक वर्षांचा असताना, बोल्शेविकांनी त्याला तुरुंगात टाकलं. हा मुलगा वाद्यवृंदाला हवा आहे, असं बोल्शॉय थिएटरच्या व्यवस्थापकाने सांगितलं, तेव्हा सुटका झाली. मॉस्कोत कॉन्स्टंटिन मोस्ट्रास यांच्याकडे शिकून तो पॅरिसला गेला. तिथे ल्युसियाँ कापे यांच्याकडून त्याने गजाची विद्या घेतली. कापे यांनी गजाच्या लांबीचे भाग पाडून, कोणत्या भागातून कोणता ध्वनी निघतो याचा बारीक विचार केला होता. अशा रीतीने रशियन शाळेचा डावा हात आणि फ्रेंच शाळेचा गज या माणसात एकत्र आले. मैफली करण्यात त्याचं मन रमलं नाही, शिकवण्यात रमलं. १९३७ साली तो न्यूयॉर्कला आला. पुढे फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत आणि न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये शिकवू लागला.

अडचण उन्हाळ्याची होती. हिवाळाभर घडवलेला हात मुलं दोन-अडीच महिन्यांच्या सुट्टीत बिघडवून आणत. शहरात उकाडा, घरी पाहुणे, समुद्रावरच्या सहली. गलामियन आणि त्यांची पत्नी ज्युडिथ यांनी मग मुलांनाच डोंगरात न्यायचं ठरवलं. जागा मिळाली ती मिलहॉलंड कुटुंबाच्या जुन्या इस्टेटीवर. या घराण्याची लेक इनेझ मिलहॉलंड स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यातली बिनीची कार्यकर्ती होती. १९१३ साली वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मोर्चाच्या अग्रभागी ती पांढऱ्या घोड्यावर बसून होती. ऐन तिशीत तिचा मृत्यू झाला आणि लुईस गावातच तिला मूठमाती मिळाली. तिच्या घराण्याच्या या आवारात पुढे रोज पाच-पाच तास स्केल्स घोटल्या जातील, याची त्या कुटुंबाला कल्पनाही नसेल.

सरावाचे पाच तास सक्तीचे होते. तास म्हणजे पन्नास मिनिटं वाजवायचं आणि दहा मिनिटं वाद्य खाली ठेवायचं. ही दहा मिनिटंही गलामियनना तितकीच महत्त्वाची वाटत. थकलेल्या हाताने केलेला सराव हाताला चूकच शिकवतो. ते स्वतः आवारात फेऱ्या मारत, खोल्यांबाहेर उभे राहून ऐकत. आतला आवाज थांबला की दारावर थाप पडायची, अशी आठवण त्यांचे किती तरी विद्यार्थी सांगत आले आहेत. फार न बोलणारा, आवाज न चढवणारा हा माणूस दाराबाहेर उभा आहे, या नुसत्या जाणिवेनेच मुलांचा गज सरळ चालायचा.

पण दार लावून आत नेमकं करायचं काय? गलामियन यांचं व्हायोलिनवादन आणि अध्यापन यांवरचं पुस्तक १९६२ साली निघालं. त्यात ते सरावाच्या वेळाचे भाग पाडतात. एक उभारणीचा वेळ: हात, बोटं, गज यांच्या अडचणी सोडवण्याचा. दुसरा अर्थ लावण्याचा: रचना काय म्हणू पाहते ते शोधण्याचा. आणि तिसरा वेळ सादरीकरणाचा: चूक झाली तरी न थांबता शेवटपर्यंत वाजवण्याचा. मुलं साधारणपणे तिन्ही एकात कालवतात. रचना पहिल्यापासून वाजवायला घेतात, अवघड जागी अडखळतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. सोपा भाग पन्नास वेळा होतो आणि अवघड चार मात्रा पन्नास वेळा चुकीच्या होतात.

त्यांचा मूळ विचार असा, की अडचण बहुतेक वेळा बोटात नसते. मनाने दिलेली आज्ञा बोटापर्यंत पोचण्याच्या वाटेवर असते. म्हणून मनापुढे सतत नवं कोडं टाकायचं. सोळा स्वरांची एक धाव घ्यायची. ती चार-चारच्या गटात वाजवायची, मग तीन-तीनच्या. आधी लांब-आखूड, मग आखूड-लांब. एका गजात दोन स्वर, मग चार, मग आठ. जोर दर वेळी वेगळ्या स्वरावर. आपल्या वाचकाला हे अनोळखी नाही. हे पलटेच आहेत. सरगमाचे तेच सात स्वर उलटसुलट गुंफून गळ्याला गुलाम करण्याची आपली युक्ती आणि हे फेरफार यांचं नातं सख्ख्या भावंडांचं आहे. फरक असलाच तर हा, की आपल्याकडे ही विद्या मुख्यतः गुरूच्या ओसरीवर मुखोद्गत राहिली आणि गलामियननी ती कागदावर मांडली.

आपल्या परंपरेत 'चिल्ला' आहे. चाळीस दिवस जगाकडे पाठ फिरवून, एका खोलीत, एका वाद्याशी. मेडोमाउंटचे सात आठवडे म्हणजे एकोणपन्नास दिवस. हिशोब जवळपास जुळतो. मात्र चिल्ल्याला बसणारा साधक बहुधा जाणता असतो, त्याने स्वतः ते व्रत घेतलेलं असतं. बारा-तेरा वर्षांच्या पोराला चाळीस दिवस एकटं कोंडलं, तर ते मोडेल. त्याच्या भिंतीपलीकडे त्याच्याच वयाचं दुसरं पोर तोच तिढा सोडवत असेल, दुपारी जेवणाच्या टेबलावर दोघं 'तुझी ती जागा सुटली का?' असं विचारत असतील, तर मात्र ते निभावतं. पंगतीत प्रत्येकाचं पान वेगळं असतं, घास ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो, तरी जेवण सगळ्यांचं होतं. तशी ही एकांताची पंगत.

संध्याकाळी वेगळं वातावरण असे. जोसेफ गिंगोल्ड इथे चेंबर म्युझिक शिकवायचे. बेल्जियमचे व्हायोलिनवादक युजीन इझाई यांचे ते शिष्य, वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनींच्या हाताखाली वाजवलेले, क्लीव्हलंडच्या वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक. चेलोसाठी लिओनार्ड रोझ होते. सकाळी खोलीत जे हात घडले, ते संध्याकाळी दुसऱ्याचं ऐकायला शिकत. चौघांच्या क्वार्टेटमध्ये आपला स्वर कितीही सुंदर असो, शेजारच्या व्हिओलाची ओळ पुढे यायची असेल तेव्हा माघार घ्यावी लागते.

शिस्तीला तडेही जात. पंधरा वर्षांचा यो-यो मा पहिल्यांदाच घरापासून दूर इथे आला आणि सुटला. चेलो पावसात बाहेर राहिला, खोलीत बिअरच्या बाटल्या, मध्यरात्री पोहायला पळ काढणं, वर भिंतींवर रंगरंगोटी. गलामियननी बोलावून घेतलं. हाकलून देतील असं वाटत असताना ते फक्त एवढंच बोलले, की भिंतींवर लिहू नये असं लोक म्हणतात. पोराने शरमून दिवसभर चुना फासत भिंती साफ केल्या. हा प्रसंग मा यांनी स्वतःच पुढे सांगितला आहे. त्याच उन्हाळ्यात आपल्या वादनात मोकळेपणा आला, असंही ते सांगतात. मला हा प्रसंग पाच तासांच्या सक्तीइतकाच महत्त्वाचा वाटतो. लेकराला बिघडायलाही सुरक्षित जागा लागते.

एवढ्या सरावाचं फळ मोजण्याचा प्रयत्न संशोधकांनीही केला आहे. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचा एकट्याने केलेला सराव सरासरी ७,४१० तास भरला, त्याखालच्या गटाचा ५,३०१ आणि संगीतशिक्षक होऊ घातलेल्यांचा ३,४२०. हे आकडे जगभर फिरले, त्यांतून दहा हजार तासांचा मंत्र तयार झाला. पुढे २०१९ साली ब्रुक मॅकनमारा आणि मेघा मैत्रा यांनी तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे करून पाहिला. त्यात उत्तम आणि सर्वोत्तम या दोन गटांच्या तासांत म्हणावा असा फरक निघाला नाही. दोघांचेही तास मागच्या गटापेक्षा मात्र पुष्कळ जास्त होते. म्हणजे तास लागतातच, पण एका टप्प्यानंतर नुसते तास पुरत नाहीत. तासांचे हिशोब वहीत लिहिणाऱ्या पालकांनी हा दुसरा अभ्यासही वाचावा, असं कळकळीने वाटतं.

कारण या वाटेवर मुलं दुखावतातही, आणि त्यावरची वेगळी उत्तरं गलामियन यांच्याच वर्तुळातून आली. गलामियन यांची अनेक वर्षांची सहायक डोरोथी डिले हिची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. ती सांगण्याऐवजी विचारायची: तुला काय वाटतं, हा स्वर कुठे चाललाय? पर्लमन दोघांकडेही शिकले, आणि डिलेच्या या प्रश्नांचा आपल्याला सुरुवातीला रागच यायचा, असं ते सांगतात. १९७० साली डिलेने उन्हाळा ॲस्पेनला घालवायचं ठरवलं आणि दोघांचा संबंध तुटला.

सर्वांत विचारपूर्वक दिलेलं उत्तर मात्र मेडोमाउंटच्याच एका विद्यार्थिनीचं आहे. १९६४च्या उन्हाळ्यात टोबी फ्रीडलंडर ही व्हायोलिन शिकणारी मुलगी तिथे होती. एका मैफलीत पर्लमननी रावेलची 'त्सिगान' वाजवली. ती ऐकून टोबी थेट त्यांच्याकडे गेली आणि तिनेच लग्नाची मागणी घातली. लग्न १९६७ साली झालं. पुढे टोबीने तरुण तंतुवादकांसाठी स्वतःचं शिबिर काढलं, ते आज न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवर भरतं. मुलं बारा ते अठरा वर्षांची, मोजकीच. सराव तिथेही तासन् तास, पण चढाओढ नको हा टोबीचा आग्रह. आणि एक अट: सगळ्यांनी कोरसमध्ये गायचं. गळा चांगला असो-नसो. ज्याच्या बोटांना टाळ्या घ्यायची सवय झालीय, त्याला इथे रोज सगळ्यांबरोबर नवशिका व्हावं लागतं.

या कहाणीचा एक धागा मुंबईचा आहे. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ साली मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला. त्या काळी मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने असत. चर्चच्या शाळेत मेस्त्रींच्या, म्हणजे संगीतशिक्षकांच्या, हाताखाली लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून आलेली ही माणसं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्याच मातीतले. त्यांचे वडील चर्चचे संगीतप्रमुख होते, आणि पुढे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते याच अँथनींकडे. मेहलींना असा गुरू मिळाला नव्हता, ते बरंचसं स्वतःच्या बळावर शिकले होते. म्हणून १९४५ साली, संसार मुंबईत ठेवून, पस्तिशी उलटलेले मेहली न्यूयॉर्कला गेले, ते गलामियन यांच्यापुढे बसायला. थोरला मुलगा झुबिन तेव्हा नऊ वर्षांचा होता. ज्या वयात माणूस शिकवायला लागतो, त्या वयात हा वादक पुन्हा गज धरायला शिकला. पुढे १९६४ साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी तरुणांसाठी अमेरिकन यूथ सिम्फनी काढली आणि नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत तिचं संचालन केलं.

ऑगस्ट १९६९मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये शूबर्टचं 'ट्राउट' क्विंटेट झालं, त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. पियानोवर डॅनियल बारेनबॉइम, चेलोवर जॅकलीन ड्यु प्रे. व्हायोलिन पर्लमनचं, व्हिओला झुकरमनचा. दोघेही गलामियन यांचे शिष्य, मेडोमाउंटच्या खोल्यांत तास भरलेले. आणि मागे, डबल बासवर, मुंबईचा झुबिन मेहता. सगळे तरुण. मंचामागे थट्टामस्करी चाललेली, एकमेकांची वाद्यं हिसकावून वाजवणं चाललेलं. मग ते बाहेर येऊन बसतात, वाद्यं लावतात, एकमेकांकडे एकदा पाहतात, आणि पाचही जण एकाच क्षणी सुरू होतात.