विश्लेषण : यंत्रे नव्हती, तेव्हा सोन्याची शुद्धता कशी तपासत?

सराफाच्या पेढीवरील यंत्र आज काही सेकंदांत सोन्याचा कस सांगते. अशी यंत्रे नव्हती, तेव्हा राजे आणि व्यापारी भेसळ कशी ओळखत? त्यांच्याकडे तीन साधने होती : आग, दगड आणि पाणी. त्यांपैकी आगीच्या परीक्षेला आजही पर्याय नाही.

भेसळीची जुनी तक्रार कोणती?

इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात बॅबिलोनचा राजा बर्ना-बुरियाश याने इजिप्तच्या फॅरोला मातीच्या पाटीवर पत्र पाठवले. तुम्ही पाठवलेले 20 मीना सोने भट्टीत घातले, तर पाच मीनाही निघाले नाही, अशी तक्रार त्यात होती. इजिप्तमधील अमार्ना येथे सापडलेल्या पत्रांमध्ये हे पत्र आहे. मीना हे तेव्हाचे वजनाचे माप.

आगीची परीक्षा कशी होत असे?

सोने शिशाबरोबर सच्छिद्र मुशीत वितळवले जाई. हवेच्या झोताने शिसे आणि तांब्यासारखे धातू जळून त्यांची ऑक्साइडे बनत आणि मुशीत शोषली जात. सोने-चांदी मात्र तशीच राहत. चांदी वेगळी काढण्यासाठी सोन्याचे पातळ पत्रे मिठाबरोबर बराच वेळ तापवत. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात लिडियाची राजधानी सार्डिस येथे ही पद्धत वापरली जात होती. तिथल्या उत्खननात अशा भट्ट्यांचे अवशेष सापडले आहेत. आधीचे आणि नंतरचे वजन ताडून पाहिले की भेसळ किती, ते कळे. उत्तर खात्रीचे मिळे, पण दागिना मोडावा लागे.

दगडावरची रेघ काय सांगते?

दागिना न मोडता पारख करण्याचा मार्ग म्हणजे कसोटीचा दगड. त्यावर सोने घासले की रेघ उमटते आणि तिच्या रंगावरून कस कळतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त याची रीत दिली आहे. 16 माष वजनाच्या सोन्यात पाव-पाव माष तांबे वाढवत 16 नमुने करायचे. दगडावर आधी तपासायचे सोने घासायचे, मग नमुना घासून दोन्ही रेघा ताडून पाहायच्या. कलिंगातील किंवा तापीकाठचा मुगाच्या रंगाचा दगड त्यासाठी उत्तम मानला आहे. नखात दडवलेली गेरूची पूड रेघेवर टाकून फसवणूक होते, असा इशाराही ग्रंथात आहे. मराठीतले ‘कसाला लागणे’ आणि ‘बावनकशी’ हे शब्द या कसोटीतूनच आले. मात्र रेघ वरच्या थराचीच असते. आत तांबे भरलेले असेल, तर दगडाला ते कळत नाही.

आर्किमिडीजने पाणी का वापरले?

सिराक्यूजचा राजा हिएरॉन याच्या सोन्याच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळल्याचा संशय होता. देवाला वाहायचा मुकुट मोडता येत नव्हता. रोमन लेखक विट्रुव्हियसने सांगितलेल्या कथेनुसार, आर्किमिडीजने मुकुट आणि तेवढ्याच वजनाचे शुद्ध सोने पाण्यात बुडवून किती पाणी सांडते ते पाहिले. सोन्याची घनता 19.3, तर चांदीची 10.5. म्हणून भेसळीचा मुकुट जास्त जागा व्यापतो.

पण फरक फार थोडा असतो. एक किलोच्या मुकुटात 30 टक्के चांदी असली, तरी 20 सेंटिमीटर रुंदीच्या भांड्यात पाण्याची पातळी जेमतेम 0.4 मिलिमीटर जास्त चढते. त्यामुळे आर्किमिडीजने पाण्यातले वजन तराजूने ताडले असावे, असा तर्क गॅलिलिओने 1586 मध्ये मांडला.

आज काय बदलले?

मूळ पेच तोच आहे. पेढीवरील क्ष-किरण यंत्र दागिन्याला धक्का लावत नाही, पण कसोटीच्या दगडाप्रमाणे तेही वरचा पातळ थरच पाहते. म्हणून हॉलमार्क केंद्रात दागिन्याचा छोटा नमुना काढून शिशाबरोबर भट्टीत तपासला जातो. तत्त्व बॅबिलोनच्या काळातलेच.

ग्राहकाने काय पाहावे?

दागिन्यावर बीआयएसचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा (22 कॅरेटसाठी 916) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर घालून दागिन्याची नोंद पडताळता येते. खरेदीचे पैसे देण्याआधीच हे तपासलेले बरे.