आई गावी एकटी राहते : तिचे चालते-फिरते आयुष्य कसे टिकवाल?

समजा, तुमची आई कनेरगाव नाक्याला राहते आणि तुम्ही नोकरीसाठी पुण्यात. वडील गेल्यानंतरही तिने घर सोडलेले नाही. एके दिवशी शेजारच्या काकूंचा फोन येतो : न्हाणीत पाय घसरून पडल्या, हाड मोडलेले नाही, मुका मार आहे. त्याच रात्री भावंडांचे ठरते, की आता तिला एकटे ठेवायचे नाही, पुण्याला आणायचे. आई मात्र म्हणते, "मला काय झालंय? चांगली हाय मी."

अशी कुटुंबे माझ्यासमोर बसतात तेव्हा मी सगळ्यांनाच थोडे थांबायला सांगतो. मुलांची काळजी खोटी नसते. पण गावात जी बाई सकाळी अंगण झाडते, दळण घेऊन गिरणीवर जाते, देवळात जाऊन चार जणींशी बोलते, ती तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली की दिवसभर पलंगावर आणि टीव्हीसमोर बसते. म्हातारपणी स्नायू झपाट्याने झडतात. दहा-पंधरा दिवस अंथरुणात गेले तरी पायांतली जी ताकद जाते, ती परत यायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून "कुठे राहायचे" हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी "ती का पडली" ते शोधा. त्याचे उत्तर बहुतेक वेळा सापडते आणि त्यावर इलाजही असतो.

पडण्याचे कारण आधी औषधांच्या पिशवीत शोधा

आईची औषधांची पिशवी जमिनीवर रिकामी करा. हिंगोलीच्या डॉक्टरांची रक्तदाबाची गोळी, वाशीमच्या डॉक्टरांची दुसऱ्या नावाची पण त्याच कामाची गोळी, मेडिकलवरून आणलेली गुडघेदुखीची गोळी, झोपेची अर्धी गोळी, सर्दीचे औषध. प्रत्येक डॉक्टरांनी आपापल्या जागी बरोबर दिलेले असते. सगळे एकत्र कोणी पाहिलेले नसते.

रक्तदाबाच्या आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांमुळे उठून उभे राहताना रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. हे घरीही तपासता येते. पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा 10 किंवा त्याहून जास्त उतरला, तर तो कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने बंद करू नका. मापन होईपर्यंत एक सवय लावा : झोपेतून उठल्यावर काठावर बसायचे, पाय दहा-बारा वेळा हलवायचे आणि मगच उभे राहायचे. एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात हा त्रास वाढतो, कारण वय झाले की तहान कमी लागते आणि पाणी पिणे विसरते.

झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या रात्री लघवीला उठताना तोल घालवतात. मधुमेहात ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी सुरू असेल आणि त्या दिवशी एकादशी असेल, तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. घाम, थरथर, विसंगत बोलणे दिसले आणि गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्या. उपवास मोडायला लावण्यापेक्षा उपवासाच्या दिवशीच्या गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलेले बरे. आई ऐकेल ते यातलेच.

गुडघेदुखीच्या गोळ्यांबद्दल मला जास्त कडक बोलावेसे वाटते. डायक्लोफेनॅकसारखी गोळी रोज घेतली तर रक्तदाब वाढतो, पोटात जखम होऊ शकते, मूत्रपिंडे बिघडतात. "आयुर्वेदिक आहे" म्हणून मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुडीने एका दिवसात दुखणे गायब झाले, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. मात्र अशी पुडी बरेच महिने चालू असेल तर एकदम थांबवणे धोक्याचे ठरू शकते. ती घेऊनच डॉक्टरांकडे जा.

पायांत ताकद किती, ते अर्ध्या मिनिटात कळते

हात नसलेली किंवा साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईला हात छातीवर घडी करून बसवा आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभी राहून बसते ते मोजा. तुम्ही शेजारीच उभे राहा. सत्तर ते एकोणऐंशी वयाची स्त्री दहापेक्षा कमी वेळा उठली तर पडण्याचा धोका जास्त समजतात. पुरुषांसाठी सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात तो आकडा बारा आणि पंचाहत्तर ते एकोणऐंशी वयात अकरा आहे. हात टेकल्याशिवाय उठताच आले नाही, तर उत्तर आणखी स्पष्ट.

हीच चाचणी तिचा व्यायामही आहे. दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी जमेल तितक्या उठबैठका. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे. ओट्याला धरूनच एका पायावर मोजून दहा आकडे उभे राहणे. पायांची ताकद आणि तोल यांचा व्यायाम नियमित केला तर पडण्याचे प्रमाण साधारण एक चतुर्थांशाने कमी होते, हे अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसले आहे. नुसते चालणे चांगलेच, पण तोल सावरायला ते पुरत नाही. "शेतात आयुष्यभर राबले, मला कशाला व्यायाम" असे ती म्हणेल. तिला सांगा, की हे संडासला एकटीने जाता यावे यासाठी आहे. हे कारण तिला पटते.

काठी घ्यायला लाज वाटते, त्यामुळे बहुतेक काठ्या कोपऱ्यात पडून असतात. काठीची उंची अशी ठेवा, की सरळ उभे राहून हात सोडला असता मूठ मनगटाच्या घडीजवळ यावी. दुखणारा गुडघा उजवा असेल तर काठी डाव्या हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी.

भाकरीबरोबर काय असते?

एकट्या माणसासाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो. सकाळची भाकरी आणि पातळ वरण संध्याकाळीही चालवून घेतले जाते. दात नसतील तर नुसती वरणात कुस्करलेली भाकरी. पोट भरते, स्नायूंना मात्र काही मिळत नाही. वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 50 किलोच्या आईला 50 ते 60 ग्रॅम. एक वाटी घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, कपभर दुधात पाच. पिठले, शेंगदाण्याची चटणी बारीक कुटून, दही, ताक घालून केलेली कढी, सगळे मोजा. हिंगोली भागात शेतोशेत सोयाबीन असते आणि ते सगळे मार्केट यार्डात जाते. त्यातले मूठभर चांगले भाजून ज्वारीच्या दळणात मिसळले तर भाकरी तीच राहते आणि प्रथिने वाढतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातले प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

सहा महिन्यांत काही न करता वजन तीन किलोंनी उतरले, साड्यांचे ब्लाउज सैल झाले, तर "वयानुसार" म्हणून सोडू नका. तपासणी हवी.

घरात एका दिवसात करता येणारी कामे

न्हाणीत शहाबादी फरशी गुळगुळीत असेल तर खडबडीत चटई टाका आणि भिंतीला पक्का दांडा ठोकून घ्या. टॉवेलच्या नळीला धरून उठण्याची सवय सर्वांत वाईट, ती निसटते. बसून आंघोळीसाठी प्लास्टिकची मजबूत खुर्ची पुरते. उकिडवे बसणे जमत नसेल तर संडासावर ठेवायची कमोड खुर्ची आणा. पलंगापासून संडासपर्यंत रात्री दिवा असावा, वीज जाते म्हणून उशाशी टॉर्चही. उंबरठ्याला पांढरा किंवा पिवळा पट्टा मारा. झिजलेली स्लीपर फेकून द्या, आईला न विचारता.

मोतीबिंदू आहे का, कानात मळ साचला आहे का, हेही एकदा पाहून घ्या. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणेच सोडतो आणि घरचे त्याला विसरभोळा ठरवतात.

पुन्हा पडलीच तर घाईने काखेत हात घालून उभे करू नका. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, मांडीच्या सांध्यात दुखत असेल, तर तसेच झोपवून 108 ला फोन करा. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत झालेली चांगली. "महिनाभर झोपून राहील, आपोआप जुळेल" या सल्ल्याने अनेक म्हातारी माणसे पुन्हा उठलेली नाहीत.

खर्च आणि प्रवास

सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. त्यात योजनेतल्या रुग्णालयात वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी 65 वर्षांवरील आणि कमी उत्पन्न असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच 3000 रुपये बँक खात्यात मिळण्याची तरतूद आहे. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे हिंगोलीला तपासणीला जाणे भाड्यामुळे अडू नये. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइनही आहे.

एकटे ठेवू नये अशी वेळ

ती येऊ शकते. सहा महिन्यांत दोनदा पडणे, गॅस चालू राहणे, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, तीच गोळी दोनदा घेणे, अंगावरचे कपडे मळलेले राहणे. यातले काही दिसले तर आधी तपासणी करा, कारण थायरॉइड, बी-12 ची कमतरता, नैराश्य, लघवीतला जंतुसंसर्ग यांमुळेही असे होते आणि ते बरे होते. तरीही जमत नसेल तर सोबत लागेल. ती सोबत म्हणजे पुणेच असे नाही. सकाळ-संध्याकाळ येणारी गावातलीच बाई, शेजारी राहणारी पुतणी यांनी पुष्कळदा भागते.

तोवर फोनवर "कशी आहेस?" विचारू नका. उत्तर ठरलेले असते. "आज काय रांधलंस? कुठं गेली होतीस? कोण आलं होतं?" असे विचारा. तीन दिवस लागोपाठ "कुठं नाही" असे उत्तर आले, तर शेजारच्या काकूंना फोन करा आणि त्या रविवारी स्वतः जाऊन या.