डिझेल सोडून बाकी सगळं

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकन काँग्रेसने ५,५९३ पानांचं एक विधेयक मंजूर केलं. कोविडची मदत, सरकारचा वर्षाचा खर्च, असं बरंच काही त्यात कोंबलेलं होतं. त्या ढिगाऱ्यात एक बारीकशी दुरुस्ती होती: १९७४ पासूनचं एक कलम रद्द. शाळांमधली गोऱ्या-काळ्यांची फारकत मोडण्यासाठी मुलांची ने-आण करायची असेल, तर त्या बसवर वॉशिंग्टनचा शिक्षणाचा पैसा खर्च करायचा नाही, असं ते कलम होतं. शेहेचाळीस वर्षं कायद्यात ठाण मांडून बसलेलं हे कलम गेलं, तेव्हा कुणी फटाके वाजवले नाहीत.

वॉशिंग्टनकडून शाळांना मिळणाऱ्या अनुदानांची गोष्ट मला नेहमी त्या बसपाशी आणून सोडते.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राउन' खटल्यात एकमताने सांगितलं, की रंगावरून वेगळ्या शाळा घटनेत बसत नाहीत. दहा वर्षांनी दक्षिणेत काय दिसत होतं? यादवी युद्धातल्या बंडखोर अकरा राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी काळी मुलं होती शेकडा एक, जेमतेम. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर १९५९ मध्ये सरकारी शाळांनाच कुलूप ठोकलं आणि ते १९६४ पर्यंत काढलं नाही. निकाल होता, अंमल नव्हता.

अंमल आला तो पैशाच्या वाटेने. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणात लिहिलं होतं, की जो भेदभाव करील त्याला केंद्राचा पैसा नाही. तोवर शाळांना केंद्राकडून मिळायचं तेच थोडं, त्यामुळे ही धमकी पोकळच होती. पुढच्या वर्षी तिच्यात दम आला. ११ एप्रिल १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टेक्सासमधल्या आपल्या जुन्या एकखोली शाळेबाहेर बसले, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवलं आणि शिक्षणाला १०० कोटी डॉलरहून अधिक देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यातला मोठा वाटा गरीब मुलांच्या नावाने होता आणि गरिबी सर्वांत दाट होती दक्षिणेतच. अर्थतज्ज्ञांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा दिसलं ते असं: ज्या डिस्ट्रिक्टचा जास्त पैसा पणाला लागला होता, ते लवकर वाकलं.

इथे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग समजू नये. त्याचं स्वतःचं मंडळ असतं, घरपट्टीतून येणारा स्वतःचा पैसा असतो आणि स्वतःची हद्द असते. या हद्दीकडे पुन्हा यावं लागेल.

वाकणं म्हणजे काय, ते मिसिसिपीतल्या ड्र्यू गावात बघावं. पैसा बुडू नये म्हणून तिथल्या मंडळाने 'निवडीचं स्वातंत्र्य' जाहीर केलं: पालकांनी फॉर्म भरावा, हवी ती शाळा निवडावी. काळं कुणी गोरी शाळा निवडणार नाही, हे गृहीतच होतं. १९६५ च्या ऑगस्टमध्ये मे बर्था आणि मॅथ्यू कार्टर या कापूस पिकवणाऱ्या वाटेकरी जोडप्याने सात मुलांचे फॉर्म भरले. मुकादम समजवायला आला, तर मे बर्थाने व्हरांड्यात केनेडींच्या नागरी हक्कांवरच्या भाषणाची तबकडी लावली. काही दिवसांत घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. रात्री मुलं जमिनीवर झोपू लागली. उधारी बंद झाली, जमीन गेली. मुलं मात्र त्याच शाळेत जात राहिली. पुढे त्यांतली बहुतेक मिसिसिपी विद्यापीठातून पदवीधर झाली. त्यांचा खटला लढणारी तरुण वकील होती मॅरियन राइट, नंतरची मॅरियन राइट एडेलमन.

अनुदानाचा लगाम ही युक्ती काही जॉन्सनची नव्हे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. प्रकरण वर गेलं आणि १८५८ मध्ये मुंबई सरकारने ठराव केला: जातीवरून कुणाला दाराबाहेर ठेवणाऱ्या अनुदानित शाळेचं अनुदान रोखण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो. राखून ठेवतो, बरं का. वापरतो असं नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनसमोर हा ठराव ठेवला होता.

१९७० पर्यंत दक्षिणेचं चित्र खरोखर पालटलं. मग राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पैशाची चाल बदलली. आता धमकी नाही, उत्तेजन. मार्च १९७० मध्ये त्यांनी दोन वर्षांत १५० कोटी डॉलरची घोषणा केली. त्या वर्षी प्रत्यक्षात सुटले साडेसात कोटी, तेही घाईघाईने. एडेलमन यांच्या संस्थेने इतर संघटनांना घेऊन गावोगाव माणसं पाठवली. एका छपराखाली मुलं बसवून आत वर्ग मात्र रंगाप्रमाणे वेगळे, काळ्या शिक्षकांना नारळ, गोऱ्यांच्या नव्या खासगी शाळांना सरकारी सामान: असल्या कारभारालाही अनुदान पोचलेलं आढळलं.

या पाहणीच्या अहवालाचा उपयोग झाला, हे कबूल करायला हवं. २३ जून १९७२ च्या आणीबाणी शाळा-साहाय्य कायद्यात नेमक्या याच गोष्टी करणारं डिस्ट्रिक्ट अपात्र ठरलं. कायदा दातांचा होता. शिक्षकांच्या नेमणुका वंशाप्रमाणे झाल्याचं दिसलं म्हणून न्यूयॉर्क शहराचं अनुदान अडलं आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अडवणं योग्य ठरवलं. दक्षिणेला बोट दाखवणाऱ्या उत्तरेला तो चांगलाच चिमटा होता. पैशातून मदतनीस शिक्षक आले, वाचन-गणिताचे जादा तास झाले, मुलांसाठी टीव्ही मालिकासुद्धा निघाल्या. बस मात्र स्थानिक अधिकाऱ्यांनी आपणहून लेखी मागितली तरच. एक वर्ष आधीच, १९७१ मध्ये, न्यायालयाने शार्लटच्या खटल्यात बसने मुलं हलवणं वैध ठरवलं होतं. म्हणजे न्यायालय म्हणतं बस काढा आणि काँग्रेस म्हणते डिझेल सोडून बाकी सगळं मागा.

मग १९७४ चा उन्हाळा. २५ जुलैला डेट्रॉइटच्या खटल्यात न्यायालयाने पाचास चार मतांनी सांगितलं, की उपनगरांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय शहराची आणि उपनगरांची मुलं एकत्र करण्याचा आदेश देता येणार नाही. त्या योजनेत ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट होते, सगळे सुटले. २१ ऑगस्टला मिशिगनच्याच जेराल्ड फोर्ड यांनी, राष्ट्राध्यक्ष होऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते, शिक्षण कायद्यावर सही केली. त्यातच ते बसचं कलम होतं. महिन्याभरात हद्दही बंद आणि पंपही बंद.

मुलं नेता येत नसतील, तर ती आपणहून यावीत अशी शाळा काढायची. 'मॅग्नेट' शाळांचा हा विचार १९७६ पासून अनुदानात शिरला. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोने तो मनावर घेतला: कुठे माँटेसरी, कुठे विज्ञानशाळेचा एक भाग चक्क प्राणिसंग्रहालयात. १९८१ मध्ये रेगन सरकारने ही योजना इतर अनेकांबरोबर एका ठोक अनुदानात मिसळून टाकली. ज्यांनी फारकत मोडण्याचं काम अंगावर घेतलं होतं, त्यांच्याच हातातला पैसा आटला. न्यूयॉर्कचे सिनेटर मॉयनिहन यांच्या खटपटीने १९८४ मध्ये मॅग्नेट शाळांपुरतं अनुदान परत आलं, वर्षाला साडेसात कोटी. ते आजवर टिकलं. कुणालाच न बोचणारं आहे, म्हणूनही असेल. त्यातून बसचा खर्च करायची मुभा, तीही बेताची, २०१५ मध्ये मिळाली.

नंतरचा काळ भराभर सांगता येतो. २००७ मध्ये न्यायालयाने एकेका मुलाच्या वंशावरून शाळा ठरवायला मनाई केली. योजना उत्पन्नाच्या भाषेत बोलू लागल्या. ओबामांनी २०१६ मध्ये १२ कोटी मागितले, हाती १ कोटी २० लाखांची योजना आली आणि २०१७ च्या मार्चमध्ये नव्या सरकारने तीही गुंडाळली. डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या २०१९ च्या वादफेरीत कमला हॅरिस यांनी बर्कलीतल्या आपल्या शाळेच्या बसची आठवण काढून बायडेन यांना त्यांचा १९७० च्या दशकातला बसविरोध ऐकवला. त्याच बायडेन यांच्या सरकारने २०२३ मध्ये मिश्र शाळांसाठी एक लहानशी योजना काढली.

मधेच, २०२० मध्ये, ते १९७४ चं कलम गेलं; पंप उघडला तो असा. हद्द अजून तिथेच आहे. डेट्रॉइटची उत्तरेची हद्द म्हणजे एट माइल रोड. शहरातली स्कूल बस त्या रस्त्यापर्यंत येते आणि वळते.