स्वयंपाकघरापर्यंतचा प्रश्न

सर्वेक्षणातला पहिला प्रश्न सभ्य असतो आणि त्याचं उत्तरही तितकंच सभ्य येतं. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने नोव्हेंबर 2019 ते मार्च 2020 या काळात जवळपास 30 हजार भारतीयांना, 17 भाषांमधून, प्रत्यक्ष भेटून विचारलं : खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणं किती महत्त्वाचं? 84 टक्के म्हणाले, अतिशय महत्त्वाचं.

त्याच पाहणीत लग्नाचा विषय निघाला. आपल्या समाजातल्या मुलींना दुसऱ्या जातीत लग्न करण्यापासून रोखणं 64 टक्क्यांना अतिशय महत्त्वाचं वाटलं, तर मुलांना रोखणं 62 टक्क्यांना. बंधन फक्त मुलींवर असतं, या आपल्या समजुतीला हा दोन टक्क्यांचा फरक धक्का देतो. निदान बोलताना तरी मुलग्यांनाही सूट नाही. परधर्मात लग्न म्हटलं की आकडे आणखी चढतात : आपल्या मुलींना रोखायलाच हवं, असं 67 टक्के हिंदूंना आणि 80 टक्के मुस्लिमांना वाटतं.

लोक ढोंगी आहेत म्हणून मोकळं होता येईल, पण ते मला पटत नाही. उत्तर देणाऱ्याला यात विसंगतीच दिसत नाही. आदर शेजाऱ्याचा करायचा आणि सोयरीक आपल्यातच जुळवायची, हा रोटी-बेटी व्यवहाराचा हिशेब त्याच्या मनात पक्का आहे. 1936 मध्ये, लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या पण होऊ न शकलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी हेच हेरलं होतं : सहभोजनांनी जात मेली नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह.

आणि रोटीचा प्रश्न तरी सुटला आहे का? भारत मानव विकास सर्वेक्षणाने 2011-12 मध्ये सुमारे 42 हजार कुटुंबांना तो विचारला, तोही मोठ्या हुशारीने. आधी सरळ प्रश्न : तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का? घटनेने कधीच मोडीत काढलेली प्रथा पाळतो, असं अनोळखी माणसासमोर कोण कबूल करणार! म्हणून ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न : अनुसूचित जातीचं कोणी तुमच्या स्वयंपाकघरात आलं, तुमची भांडी वापरली, तर चालेल का? दोन्ही उत्तरं एकत्र धरली तेव्हा देशातल्या सुमारे 27 टक्के कुटुंबांत अस्पृश्यता आढळली. खेड्यांत 30 टक्के, शहरांत 20. शहरी वाचकाने हा 20 चा आकडा जरा थांबून वाचावा.

प्रश्न ‘समाजा’विषयी असला की माणूस शिकवलेलं उत्तर देतो, चुलीपाशी, भांड्यापाशी आला की घरातलं. प्यूच्या पाहणीत अनुसूचित जातींविरुद्ध देशात भरपूर भेदभाव होतो, असं जेमतेम 20 टक्के लोक म्हणाले. या उत्तरावरून भेदभाव किती आहे ते कळत नाही. तो किती जणांना जाणवतो, एवढंच कळतं.

विवाहाबाबत मात्र मताची गरजच पडली नाही. मानव विकास सर्वेक्षणाने विवाहित स्त्रियांना एवढंच विचारलं : नवऱ्याचं घराणं तुमच्या माहेरच्याच जातीचं का? साधारण 95 टक्के जणी ‘हो’ म्हणाल्या.