मॅडम, कडक कलम लावा

मुलीचे वडील खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारतात, "मॅडम, यात जन्मठेप होते का?" मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली असते. कुणीतरी तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडलंय, तिचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या अंगावर चिकटवून फोटो टाकलेत, खाली तिचा मोबाइल नंबर दिलाय. रात्रभर फोन वाजतोय. अशा वेळी बापाला कायद्यातले बारकावे ऐकायचे नसतात, त्याला कडक कलम हवं असतं. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते, कधी फिर्यादीसाठी, कधी आरोपीच्या बाजूने. कलम किती कडक आहे यावर असा खटला फिरल्याचं मी फार क्वचित पाहिलंय.

आमदारांचंही त्या वडिलांसारखंच होतं. एखादं प्रकरण गाजतं, सभागृहात गदारोळ होतो, आणि गृहमंत्री नव्या कायद्याची घोषणा करतात. आपल्या महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण म्हणजे स्त्रियांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक. डिसेंबर 2020 मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी ते विधिमंडळात मांडलं. आदल्या वर्षी आंध्र प्रदेशाने दिशा विधेयक मंजूर केलं होतं, तो नमुना समोर होता. आपलं विधेयक संयुक्त समितीकडे गेलं आणि वर्षभराने, डिसेंबर 2021 मध्ये, दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या फाशीच्या. माझं लक्ष होतं ते कमी बोलल्या गेलेल्या भागाकडे. समाजमाध्यमांवरून किंवा फोनवरून छळणं, धमकावणं हा भारतीय दंड संहितेत वेगळा गुन्हा होणार होता. तपासासाठी मागितलेली माहिती मोबाइल वा इंटरनेट कंपनीने दिली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 25 लाखांपर्यंत दंड. तपास 30 दिवसांत संपवायचा. आणि खोटी तक्रार करणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद. हे शेवटचं वाचून मी कपाळाला हात लावला. तक्रार द्यायला आधीच बिचकणाऱ्या मुलीला ठाणे अंमलदार पहिल्यांदा हेच कलम ऐकवणार, यात मला शंका नव्हती.

तेवढी वेळ आली नाही. फौजदारी कायदा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर संसदही कायदा करू शकते आणि विधानसभाही. पण राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर अनुच्छेद 254 प्रमाणे त्याला राष्ट्रपतींची संमती लागते, आणि संमती म्हणजे व्यवहारात दिल्लीतल्या मंत्रालयांचे शेरे. दिशाला ती मिळाली नाही, शक्तीलाही नाही. पुढे 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिताच गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ज्या घरावर मजला चढवायचा होता ते घरच पाडलं गेलं.

समजा, संमती आली असती, तरी आरोपीची वकील म्हणून मी पहिली हरकत कोणती घेतली असती ते सांगते. ऑनलाइन गुन्ह्यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायदा हा केंद्राचा विशेष कायदा आहे, आणि त्याच्या कलम 81 मध्ये म्हटलंय की इतर कायद्यांशी विसंगती आली तर हाच वरचढ. डिसेंबर 2016 मध्ये शरत बाबू दिगुमर्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या अश्लील मजकुरासाठी दंड संहितेचं जुनं 292 कलम वापरता येणार नाही, कारण त्यासाठी विशेष कायद्यात 67 आहे. राज्याच्या नव्या कलमावरही असा अर्ज आलाच असता, उच्च न्यायालयात गेला असता, आणि मूळ खटल्यात तारखा पडत राहिल्या असत्या.

केरळात उलटं घडलं. तिथे कायदा फार लवकर आला. 2020 च्या सप्टेंबरात यूट्यूबवर बायकांबद्दल घाणेरडं बोलणाऱ्या एका माणसाला काही स्त्रियांनी त्याच्या खोलीवर जाऊन जाब विचारला आणि त्याचं चित्रीकरण सगळीकडे पसरलं. स्त्रियांचं म्हणणं, आम्ही तक्रारी केल्या, पोलीस हलले नाहीत. सरकारचं उत्तर, आहेत ते कायदे अपुरे पडतात. 21 नोव्हेंबरला राज्यपालांच्या सहीने वटहुकूम निघाला आणि केरळ पोलीस कायद्यात 118-अ हे कलम आलं. कोणत्याही माध्यमातून कुणाला धमकावणारा, शिवीगाळ करणारा, अपमान वा बदनामी करणारा मजकूर टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड. त्यात 'स्त्री' हा शब्द कळीचा नव्हता आणि 'ऑनलाइन'ही नव्हता. वर्तमानपत्राचा अग्रलेख, भ्रष्ट सरपंचावरची पोस्ट, व्यंगचित्र, सगळं त्यात बसत होतं. देशभरातून टीका झाली, सत्ताधारी डाव्यांच्या गोटातूनही झाली. दोनच दिवसांनी मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी जाहीर केलं की हे कलम अमलात आणणार नाही, आणि वटहुकूम मागे घेतला गेला. ज्या बायकांच्या नावाने तो काढला होता त्यांच्या हाती काही लागलं नाही.

हे केरळात घडावं याचं मला जास्त आश्चर्य वाटलं, कारण त्याच पोलीस कायद्यातलं 118(ड) सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांपूर्वीच रद्द केलं होतं. ते ज्या निकालात रद्द झालं त्याची सुरुवात आपल्याकडची आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने 'लाइक' केलं. दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ होतं. 'त्रास', 'गैरसोय', 'घोर आक्षेपार्ह' अशा सैल शब्दांनी भरलेलं, तीन वर्षांच्या शिक्षेचं कलम. दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने त्याला आव्हान दिलं आणि 24 मार्च 2015 रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांनी ते घटनाबाह्य ठरवलं. गंमत पुढे आहे. रद्द झालेल्या या कलमाखाली देशभरात गुन्हे दाखल होतच राहिले, इतके की ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश काढून सांगावं लागलं की 66-अ खाली कुणावरही खटला चालवू नका. कलम आणायला एक वटहुकूम पुरतो. ठाण्यातल्या टायपिस्टच्या संगणकावरच्या नमुन्यातून ते काढायला सर्वोच्च न्यायालयालाही सात वर्षं लागतात.

आता त्या वडिलांकडे येते. खोटं खातं उघडणं, दुसऱ्याच्या नावाने फसवणं, अश्लील मजकूर पसरवणं, सगळ्याला कलमं आहेत: 66-क, 66-ड, 67, 67-अ. मी त्यांना विचारते, "स्क्रीनशॉट कुणाच्या फोनवर घेतलेत?" ते म्हणतात, भाच्याच्या. भाच्याने ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, आणि लाज वाटून मूळ चॅट पुसून टाकलं. खटल्याचा निकाल मला इथेच दिसायला लागतो.

मोबाइलवरची कोणतीही गोष्ट पुरावा म्हणून वाचली जायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्यातलं 65-ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमातलं कलम 63. ही अट किती पक्की, हे ठरलं जालन्यातल्या एका निवडणुकीवरून. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत तिथून अर्जुन खोतकर निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिलं, मुद्दा असा की उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतला गेला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण. अधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र मागितलं, ते पुनःपुन्हा मागूनही मिळालं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 14 जुलै 2020 च्या निकालात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर प्रमाणपत्र हवंच. ज्याने द्यायचं तो देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवा. आज देशातल्या कुठल्याही मुलीचा स्क्रीनशॉट या जालन्याच्या निकालाच्या चाळणीतून जातो.

नव्या कायद्याने प्रमाणपत्राचे दोन भाग केलेत. भाग 'अ' पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. फाइलची हॅश किंमत लिहायची, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची एक लांब ओळ, जी फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी बदलते. सुधारणा चांगलीच आहे. पण तालुक्याच्या गावी हा तज्ज्ञ कोण? एका खटल्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराने भाग 'ब' वर सही केलेली मी पाहिली. उलटतपासात तो दहा मिनिटंही टिकला नाही.

तपासाची कथा निराळीच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 प्रमाणे या गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा. पीएसआयला तो अधिकारच नाही. तालुक्याच्या ठाण्यात पीआय बहुधा एक, आणि बंदोबस्त, मोर्चे, गणपती हे सगळं त्याच्याच डोक्यावर. कंपनीला पत्र जातं, उत्तर यायला आठवडे लागतात, उत्तरात येतो एक आयपी क्रमांक. लोकांना वाटतं, आयपी मिळाला म्हणजे माणूस मिळाला. मोबाइल इंटरनेटवर एकाच क्रमांकामागे एकाच वेळी शेकडो ग्राहक असू शकतात. नेमका माणूस शोधायला पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. ती वेळ बऱ्याचदा जागतिक प्रमाणवेळेत येते आणि तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. माझ्या एका अशिलाच्या दारात पोलीस आले ते हे साडेपाच तास कुणी मिळवलेच नव्हते म्हणून. सुटला बिचारा, पण तोवर आळीत बोभाटा झाला होता.

म्हणून मला चेन्नईचा तो जुना खटला पुनःपुन्हा आठवतो. 2004 साल. एका घटस्फोटित बाईच्या नावाने याहूच्या एका गटात अश्लील संदेश टाकले गेले, तिला नको ते फोन येऊ लागले. तेव्हा फेसबुक भारतात पोचलंही नव्हतं, 66-अ जन्मालाही यायचं होतं. चेन्नईच्या सायबर पोलिसांनी माग काढत मुंबईत आरोपीला गाठलं, सायबर कॅफेवाल्यांचे जबाब घेतले, आणि एग्मोर न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये, फिर्यादीनंतर सुमारे सात महिन्यांत, शिक्षा सुनावली. कलमं होती माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67, आणि 1860 च्या दंड संहितेतली 469 आणि 509. दीडशे वर्षांपूर्वीच्या शब्दांनी काम भागलं, कारण साक्षीदार वेळेत गाठले गेले.

याचा अर्थ कायद्यात बदल नकोतच असा कुणी काढू नये. बदल नेमका असला की केवढा उपयोगी पडतो हे 2013 ने दाखवलं. दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला आणि दंड संहितेत चोरून पाहण्या-चित्रित करण्याबद्दलचं 354-क आणि पाठलागाबद्दलचं 354-ड ही कलमं आली. आता ती न्याय संहितेत 77 आणि 78 आहेत. 77 च्या खाली एक छोटं स्पष्टीकरण आहे. बाईने फोटो काढायला संमती दिली असली, पण तो तिसऱ्याला दाखवायला दिली नसली, तर पसरवणं हा गुन्हा. "तिनेच तर पाठवले होते" हा आरोपीच्या वकिलाचा हुकमाचा एक्का त्या एका वाक्याने काढून घेतला. आरोपीची वकील म्हणून मीही तो वापरला असता, हे मान्य करते.

भोकं अजून आहेत. 77 फक्त पीडित स्त्री असेल तर लागतं. रात्री व्हिडिओ कॉल करून कपडे काढायला लावून नंतर पैसे उकळणाऱ्या टोळ्यांच्या जाळ्यात मुलगे मोठ्या संख्येने सापडतात, त्यांच्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-ई आणि खंडणीचं कलम. 66-ई खऱ्या शरीराच्या चित्राबद्दल बोलतं. यंत्राने बनवलेल्या, कुणाच्याच नसलेल्या शरीरावर मुलीचा चेहरा असेल तर ते कलम ओढूनताणून लावावं लागतं. 66-ई जामीनपात्र, पहिल्या वेळचं 67 ही जामीनपात्र. आरोपी संध्याकाळी घरी, म्हणजे पुन्हा फोनपाशी. इथे दुरुस्ती हवी, पण ती संसदेने करायची आहे.

राज्याच्या हातात काय आहे, तर पोलीस. घटनेच्या राज्यसूचीत दुसऱ्याच क्रमांकाची नोंद. प्रयोगशाळा राज्याची, सरकारी वकील राज्याचे, निरीक्षकांची पदं आणि बदल्या राज्याच्या. यातल्या कशालाही राष्ट्रपतींची संमती लागत नाही. सायबर ठाण्यात दोन वर्षं शिकून तयार झालेला अधिकारी वाहतूक शाखेत पाठवायचा नाही, असा नियम करायला वटहुकूमही नको, गृहविभागाचं परिपत्रक पुरतं.

मागे एक आमदार आमच्या बार रूममध्ये चहाला आले होते. अधिवेशन तोंडावर होतं. म्हणाले, "वकीलबाई, या ऑनलाइन प्रकारांवर अशासकीय विधेयक आणावं म्हणतोय, शिक्षा किती ठेवू?" मी म्हटलं, "साहेब, शिक्षा राहू दे. जिल्ह्याला भाग 'ब' भरणारी दोन माणसं आणि मोबाइलची प्रत काढायचं एक यंत्र पुरवणी मागण्यांत मंजूर करून आणा." त्यांनी पीएला लिहून घ्यायला सांगितलं. पीएने विचारलं, "भाग ब म्हणजे कशाचा?"