श्वास घेणारी बॅटरी

आखाडा बाळापूरसारख्या गावातही कानाचे यंत्र वापरणाऱ्या आजोबांना एक गोष्ट सवयीने ठाऊक असते. नव्या बटण सेलवरचे रंगीत स्टिकर काढायचे, मिनिटभर थांबायचे, मगच सेल यंत्रात घालायचा. एकदा स्टिकर निघाले की यंत्र बंद असले तरी सेल हळूहळू उतरत जातो.

कारण सेलच्या पाठीवर बारीक छिद्रे असतात. त्यांतून हवा आत शिरते, तिच्यातला ऑक्सिजन जस्ताशी संयोग पावतो आणि वीज तयार होते. ऑक्सिजन बाहेरून मिळत असल्याने एवढासा सेल आठवडा-दोन आठवडे पुरतो. पण तो पुन्हा चार्ज होत नाही.

जस्ताच्या जागी सर्वांत हलका धातू, म्हणजे लिथियम, घातला आणि अशी बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज करता आली तर? १९९६ मध्ये अब्राहम आणि जियांग या संशोधकांनी तशी बॅटरी प्रयोगशाळेत दाखवली. मोबाइलमधली लिथियम-आयन बॅटरी किलोमागे साधारण २५० वॅट-तास ऊर्जा साठवते. लिथियम-एअर बॅटरीची कागदावरची मर्यादा सुमारे ३,५०० आहे. घरच्या इन्व्हर्टरला बॅटरीच्या वजनाने फारसे बिघडत नाही. खांद्यावर ऑक्सिजन यंत्र घेऊन फिरणाऱ्या फुफ्फुसाच्या रुग्णाला मात्र प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवतात.

मग ही बॅटरी बाजारात का नाही? अडचण ऑक्सिजनच्याच स्वभावात आहे. वीज देताना ऑक्सिजन आधी एक इलेक्ट्रॉन घेऊन सुपरऑक्साइड बनतो. हाच पदार्थ आपल्या पेशींतही तयार होतो, आणि पांढऱ्या पेशी जंतू मारायला तो वापरतात. त्याला आवर घालणारे विकर शरीराकडे आहे. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये त्याचे कार्य उलगडले. बॅटरीत असा राखणदार नसतो. सुपरऑक्साइड आणि चार्जिंगच्या वेळी निघणारा अतिक्रियाशील ऑक्सिजन आतला द्रव आणि कार्बन हळूहळू खराब करतात.

शिवाय तयार होणारे लिथियम पेरॉक्साइड वीज नीट वाहू देत नाही आणि कार्बनची छिद्रे बुजवते. कफाने श्वासनलिका भरावी, तशी बॅटरी गुदमरते. ती वीज देते सुमारे २.७ व्होल्टला, चार्ज करताना मात्र अनेकदा ४ व्होल्टच्या वर जावे लागते. म्हणजे भरलेल्या विजेचा जवळपास एक तृतीयांश भाग वाया. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइडही घात करतात, म्हणून बहुतेक प्रयोग शुद्ध ऑक्सिजनवरच होतात.

२०२३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि आर्गॉन प्रयोगशाळेने द्रवाऐवजी घन माध्यम वापरून १,००० वेळा चार्ज होणारा सेल दाखवला. आशा वाढली आहे, पण हा अजून प्रयोगशाळेतलाच सेल आहे.

तोवर घरातल्या बटण सेलकडे लक्ष असू द्यावे. वापरलेला सेलही लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांतही गंभीर जखम करू शकतो. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये; तडक एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.